व्रत आणि वसुली

२०२४ च्या एप्रिल महिन्याच्या पहिल्या तारखेस, दिवेलागणीच्या सुमारास, मुंबईच्या वानखेडे मैदानावर नाणेफेकीसाठी दोन्ही संघांचे कर्णधार मध्यभागी येऊन उभे राहिले आणि यजमान संघाच्या कर्णधाराचे नाव पुकारले गेले, तेव्हा चहूबाजूंच्या सज्जांतून जो प्रचंड ध्वनी उठला तो जयघोषाचा नव्हता; आपल्या भाषेत ज्याला हुर्यो म्हणतात, तो होता. घरी दूरचित्रवाणीसमोर बसून मी तो ऐकला, आणि क्रिकेटवर जन्मभर माया केलेल्या मला प्रथम वाटले की आपल्या कानांचीच काही चूक होत असावी. कारण ज्याची हुर्यो उडत होती तो कोणी परका नव्हता, त्याच मैदानावर, त्याच निळ्या वेषात, त्याच प्रेक्षकांनी पूर्वी डोक्यावर घेतलेला हार्दिक पांड्या होता. नाणेफेकीचे सूत्रसंचालन संजय मांजरेकर करीत होते. त्यांना ध्वनिवर्धकावरून जमावाला सभ्यतेची समज द्यावी लागली, आणि ती देऊनही आवाज ओसरला नाही.

याच्या आठ दिवस आधी, २४ मार्चला, अहमदाबादेच्या विशाल मैदानावरही त्याचे स्वागत असेच झाले होते. तेथे त्याचा अपराध असा की तो सोडून गेला. मुंबईस त्याचा अपराध असा की तो आला. एकाच कृत्याबद्दल दोन नगरांनी परस्परविरुद्ध आरोप ठेवावेत आणि शिक्षा मात्र एकच फर्मावावी, यात मला विचार करण्याजोगे पुष्कळ दिसले. निष्ठा म्हणजे काय, ती कोणी कोणाकडे मागावी, आणि ज्याच्यावर आपण प्रेम करतो तो निघून जातो तेव्हा त्या प्रेमाचे काय करावे, हे प्रश्न मैदानावरचे नव्हेत, धर्मविचारातले आहेत. आणि आपल्या धर्मपरंपरेने त्यांचा जितका खोल विचार केला आहे तितका अन्यत्र क्वचित झाला असेल, असे मला वाटते.

हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. पांड्या बडोद्यास वाढलेला. २०१५ मध्ये मुंबई इंडियन्सने त्याला लिलावात दहा लाख रुपयांच्या मूळ बोलीने घेतले, आणि पुढच्या सात हंगामांत त्या संघाने जी चार अजिंक्यपदे मिळवली त्या चारींत तो होता. २०२२ मध्ये गुजरातचा नवा संघ उभा राहिला. त्याने पंधरा कोटी रुपये देऊन त्याला आपला कर्णधार केले, आणि पहिल्याच वर्षी त्याने तो संघ अजिंक्य करून दाखवला, दुसऱ्या वर्षी अंतिम सामन्यापर्यंत नेला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये दोन संघमालकांत व्यवहार ठरून तो मुंबईस परतला, आणि १५ डिसेंबरला मुंबईच्या कर्णधारपदाची सूत्रे रोहित शर्माकडून काढून त्याच्याकडे दिल्याचे जाहीर झाले. रोहितने या संघाला पाच अजिंक्यपदे मिळवून दिलेली. नागपुरात जन्मलेला, बोरिवलीत वाढलेला हा मुलगा मुंबईकरांना आपल्याच घरातला वाटत आलेला. त्याला अशा रीतीने बाजूस सारले गेले याचे दुःख होणे स्वाभाविक होते, आणि ते मलाही झाले. परंतु हुकूम सुटला तो संघाच्या दफ्तरातून, आणि रोष ओढवला तो ज्याच्या हाती हुकूम पडला त्याच्यावर. शिवाय ज्या रोहितच्या नावाने हा रोष चालला होता तो स्वतः पहिली तीन वर्षे हैदराबादच्या संघाकडून खेळला होता, त्या संघाच्या २००९ च्या अजिंक्यपदात भागीदार होता, आणि २०११ च्या लिलावातून मुंबईस आला होता, ही गोष्ट सज्जांत बसलेल्या कोणास ठाऊक नव्हती असे नव्हे; ती त्या क्षणी कोणास आठवावीशी वाटली नाही, इतकेच.

अशा प्रसंगी मराठी माणसाच्या ओठांवर जे शब्द येतात ते पाहावेत. इमान, बेइमान, गद्दार, निमकहराम, फितूर: हे सगळे शब्द दफ्तरांतून, दरबारांतून, छावण्यांतून आपल्याकडे आले, आणि त्यांच्यामागे चाकरीचा एक संपूर्ण नीतिनियम उभा आहे. धन्याने मीठ द्यावे, जहागीर द्यावी, चाकर रणात पडला तर त्याच्या मुलाबाळांचा योगक्षेम चालवावा. चाकराने त्या मिठाला जागावे. हा करार दुहेरी होता, आणि म्हणूनच ज्या काळात तो सर्वात कडक पाळला जात होता असे आपण समजतो त्या काळातही धनी बदलणे हे स्वतः होऊन पाप मानले जात नव्हते. शहाजीराजांनी निजामशाहीची, मोगलांची आणि आदिलशाहीची, अशी वेगवेगळ्या वेळी चाकरी केली. म्हणून त्यांना कोणी फितूर म्हटले नाही. फितुरी म्हणजे सोडून जाणे नव्हे. फितुरी म्हणजे आत राहून, किल्ल्याचा दरवाजा रात्री शत्रूला उघडून देणे. जो उजेडी सांगून निघून गेला, तो आणि जो अंधारात दार उघडता झाला, तो, या दोघांना एकाच शब्दाने संबोधणे हा भाषेचा अपराध आहे, आणि भाषेचा अपराध पुढे न्यायाचा अपराध होतो.

खेळाच्या जगातही हा भेद उघड दिसतो. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याने कधी देश बदलला नाही. त्याच देशाच्या कर्णधारपदी राहून त्याने सट्टेवाल्यांकडून पैसे घेतले, २००० मध्ये ते उघडकीस आले, आणि त्याला जन्मभरासाठी क्रिकेट वर्ज्य झाले. संघ न बदलताही संघ विकता येतो. उलट त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात लुईस फिगो हा पोर्तुगीज फुटबॉलपटू बार्सिलोना सोडून तिच्या हाडवैरी माद्रिदकडे गेला. त्याने कोणाला विकले नव्हते, कोणाचे गुपित फोडले नव्हते, ठरलेली भरपाई मोजून तो करारातून मोकळा झाला होता. परंतु माद्रिदचा खेळाडू म्हणून तो बार्सिलोनास आला तेव्हा त्याला यहूदा म्हणणारे फलक झळकले, आणि २००२ च्या नोव्हेंबरमध्ये तो कोपऱ्यातून चेंडू मारण्यास उभा राहिला असता त्याच्या दिशेने बाटल्यांबरोबर डुकराचे मुंडकेही फेकले गेले. ख्रिस्ती मनाला अशा वेळी यहूदाच आठवावा हे समजण्यासारखे आहे. पण ती कथा नीट वाचली तर काय दिसते? त्या रात्री येशूला सोडून पळाले ते सगळेच शिष्य. पेत्राने तर कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा आपली ओळखही नाकारली. तरी त्या कोणाला परंपरेने विश्वासघातकी म्हटले नाही, पेत्राला तर मंडळीचा पाया मानले. यहूदाचा अपराध सोडून जाण्याचा नव्हता. ज्याने आपल्यावर विश्वास टाकला त्याला मारेकऱ्यांच्या हाती सोपवण्याचा होता. फिगोने कोणाला सोपवले?

सज्जांतल्या माणसावर मात्र मला अन्याय करायचा नाही. विरारहून वा डोंबिवलीहून लोकलच्या दांड्याला लोंबकळत येऊन, आठवड्याच्या मजुरीतून तिकिटाचे पैसे मोजून जो तीन तास घसा कोरडा करतो, त्याच्या प्रेमाला मी बाजारू म्हणणार नाही. त्याला संघाकडून काही मिळत नाही. हरणाऱ्या संघाच्या मागे तो वर्षानुवर्षे उभा राहतो, आणि या निर्वेतन उभे राहण्यात काही उदात्त आहे; दिवसभर ज्याला कोणी नावाने ओळखत नाही अशा माणसाला ते तीन तास आपण कोणाचे तरी आहोत असे वाटते, आणि ही गरज क्षुद्र नव्हे. त्याची निष्ठा खरी आहे. तिची चूक एवढीच होते की ती आपल्या जागेवरून उठून दुसऱ्याच्या दारात जाते. मी बदलू शकत नाही, तेव्हा तूही बदलता कामा नये. मी तुझ्यावर प्रेम केले, तेव्हा तू माझा देणेकरी आहेस. असे ती म्हणू लागते. निष्ठा हे व्रत आहे. व्रत घेणाऱ्याने घ्यावयाचे आणि घेणाऱ्यानेच पाळावयाचे. एकादशी धरणारी बाई शेजारणीच्या पुढचे ताट ओढून घेत नाही. ज्या क्षणी आपण आपल्या व्रताची बाकी दुसऱ्याच्या नावावर मांडून ती वसूल करण्यास निघतो, त्या क्षणी ते व्रत राहत नाही. ती सारावसुली होते, आणि वसुलीबरोबर जप्तीही आलीच. गीतेत निष्ठा हा शब्द येतो तोही साधकाच्या स्वतःच्या स्थितीविषयी येतो. तो ज्ञानमार्गाने उभा आहे की कर्ममार्गाने, त्याची श्रद्धा कोणत्या गुणाची आहे, असा तेथे प्रश्न आहे. समोरच्याकडून निष्ठा उगवून घेण्याचा अधिकार कोणास दिलेला मला तेथे आढळला नाही.

माणसाला संघ बदलताच येऊ नये अशी व्यवस्था आपल्या याच मुंबईत एकदा होती, हे आजच्या तरुण प्रेक्षकांना सांगितले पाहिजे. चौरंगी आणि पुढे पंचरंगी सामने जिमखान्यांच्या मैदानांवर आणि ब्रेबॉर्नवर होत. त्यांत हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन आणि उरलेले असे संघ असत. तेथे लिलाव नव्हता, करार नव्हता, पक्षांतर नव्हते. ज्या घरात जन्मलास त्या घराच्या संघातून खेळ, एवढाच नियम. आणि त्या जन्मसिद्ध संघाने आपल्या माणसांशी काय व्यवहार केला? पाळवणकर बाळू हा त्या काळातला थोर डावखुरा गोलंदाज. तो चांभार कुळात जन्मला म्हणून पुण्यात त्याला चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. हिंदूंसाठी त्याने गडी बाद केले, पण हिंदूंचे कर्णधारपद त्याला मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले, आणि तेही पुष्कळ वादंग झाल्यानंतर. विजय हजारे सांगलीचे, ख्रिस्ती कुटुंबातले, म्हणून उरलेल्यांच्या संघातले. हिंदूंविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्या संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. किती मोठा पराक्रम, आणि संघाचे नाव काय, तर उरलेले! १९४० मध्ये गांधीजींनी या धर्मनिहाय सामन्यांना विरोध दर्शवला आणि १९४६ नंतर ते बंद पडले. ते बंद पडले हे योग्यच झाले. ज्या संघातून बाहेर पडता येत नाही त्या संघातल्या निष्ठेला नैतिक मूल्य कसले? बंदिवानाने पळून न जाण्याला आपण स्वामिभक्ती म्हणत नाही.

उलट संस्थानांच्या आश्रयाने जे क्रिकेट वाढले त्यात माणसे फिरत असत. हजारे महाराष्ट्राचे, ते बडोद्यास गेले, आणि रणजी सामन्यांतील त्यांचे कित्येक पराक्रम बडोद्याच्या नावावर नोंदले आहेत. भाऊसाहेब निंबाळकर बडोद्याकडून खेळले, होळकरांकडून खेळले, महाराष्ट्राकडून खेळले, रेल्वेकडूनही खेळले. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात काठेवाडविरुद्ध त्यांनी केलेल्या नाबाद ४४३ धावा ही त्यांची ओळख आहे, त्यांनी किती धनी केले ही नव्हे.

येथे कोणी बिभीषणाचे नाव काढील, आणि काढलेच पाहिजे. कारण आपल्या मनातला घरभेदी तोच. वाल्मीकींनी हा प्रसंग ज्या गांभीर्याने रंगवला आहे तो मुळातून वाचण्यासारखा आहे. बिभीषणाने रावणाच्या भर सभेत, एकदा नव्हे पुनःपुन्हा, सीता परत देण्याचा सल्ला दिला. अपमान झाला तेव्हा तो चार सोबत्यांसह, सर्वांदेखत, आकाशमार्गे निघाला आणि समुद्राच्या या तीरावर येऊन आपले नाव सांगून उभा राहिला. सुग्रीवाने तेव्हा जी शंका घेतली ती वानखेडेवरील शंकाच होती: ज्याने संकटात आपल्या भावाला सोडले तो कोणाला सोडणार नाही? प्रश्न पोरकट नाही. पुढे इंद्रजितही रणांगणावर चुलत्याला हेच सुनावतो, की आपले ते निर्गुण असले तरी आपले, परके ते परकेच. कवीने दोन्ही बाजूंच्या तोंडी हा आक्षेप घातला, त्याची धार बोथट होऊ दिली नाही, आणि मग रामाकडून उत्तर देवविले. ते उत्तर बिभीषणाच्या चारित्र्याविषयी नाही. राम म्हणतो की जो एकवार शरण आला त्याला अभय देणे हे माझे व्रत आहे. माझे व्रत! येणाऱ्याच्या निष्ठेचा झाडा घेत न बसता तो स्वतःच्या निष्ठेवर बोट ठेवतो. मला वाटते, या एका उत्तरात या प्रश्नाचा निम्मा निकाल लागतो.

महाभारतात असाच एक विसरला गेलेला माणूस आहे. दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी असता युधिष्ठिराने उच्च स्वराने विचारले की ज्याला आमच्याकडे यावयाचे असेल त्याने यावे; आणि धृतराष्ट्राचा एक पुत्र, युयुत्सू, कौरवांची सेना सोडून पांडवांकडे चालत गेला. कर्णाने संघ बदलला नाही. कृष्णाने जन्माचे रहस्य सांगितले, राज्य देऊ केले, तरी तो दुर्योधनाच्या मैत्रीस जागला, आणि आपण पिढ्यान्पिढ्या त्याच्यासाठी डोळे ओले करीत आलो. युयुत्सूसाठी कोणी डोळे ओले केले नाहीत. पण विचार करावा: भावांच्या शिव्या पाठीवर घेत दोन सैन्यांमधली ती मोकळी जमीन एकट्याने ओलांडण्यास काही कमी धैर्य लागले असेल काय? व्यासांनी दोघांनाही कथेत जागा दिली. कर्णाचे राहणे आणि युयुत्सूचे जाणे ही दोन्ही त्यांनी मनुष्याच्या अंतःकरणावर सोपवली, आणि त्यांतल्या एकाला धर्म व दुसऱ्याला अधर्म अशी पाटी लावली नाही.

पण पांड्याने काही धर्मासाठी संघ सोडला नव्हता, असे कोणी म्हणेल. खरे आहे. त्याने पैशासाठी सोडला की मानासाठी की जुन्या मैत्रांसाठी, हे मी जाणत नाही, आणि माझ्या मुद्द्याला त्याची गरज नाही. कारण माझा प्रश्न जाणाऱ्याच्या हेतूंचा नाही. मागे उरणाऱ्याच्या प्रेमाचा आहे. आणि या प्रश्नावर सर्वात अधिकाराने कोणी बोलले असेल तर ते भक्तिमार्गाने.

कृष्ण गोकुळ सोडून गेला. अक्रूर रथ घेऊन आला आणि त्याला मथुरेस घेऊन गेला, आणि तो पुन्हा गोकुळात राहण्यास आला नाही. भागवताच्या दशम स्कंधात गोपी रागावतात. अक्रूराला हा नाव काय धारण करतो आणि करतो काय असे म्हणतात, विधात्याला निर्दय म्हणतात, कृष्णाला नगरातल्या स्त्रियांनी भुलवले असे म्हणतात. नंतर उद्धव ज्ञानाचा निरोप घेऊन आला तेव्हा त्यांनी त्यालाही सोडले नाही. भुंग्याच्या मिषाने त्यांनी कृष्णाला जे बोल लावले ते कोणत्याही प्रेक्षागृहातल्या हुर्योहून अधिक तिखट आहेत. तेव्हा भक्तिमार्ग राग नाकारतो असे नाही. तो रागाला आत घेतो, त्याला विरह हे नाव देतो, आणि त्या विरहालाच भक्तीची परमावस्था मानतो. गोपींच्या त्या रागात एक गोष्ट नाही: दावा नाही. तू आमच्या दह्यादुधावर वाढलास, तेव्हा परत ये नाही तर तू कृतघ्न, असे त्या म्हणत नाहीत. तू गेलास आणि आम्ही जळतो आहोत, एवढेच म्हणतात. ज्ञान सांगण्यास आलेला उद्धव शेवटी त्यांच्या चरणधुळीची इच्छा करून, वृंदावनातले एखादे झुडूप तरी व्हावे असे मागून परत गेला. प्रेमाला दुःख होते तेव्हा ते दुःख म्हणून सहन करणे आणि ते दुःख समोरच्याच्या अंगावर आरोपपत्र म्हणून बजावणे, यांत जे अंतर आहे तेच भक्ती आणि ममत्व यांतले अंतर आहे.

आणि हा सोडून जाणारा तेवढ्यावर थांबला नाही. जरासंधाच्या स्वाऱ्यांपुढे त्याने मथुराही सोडली आणि पश्चिम समुद्राकाठी द्वारका वसवली. त्यावरून त्याला रणछोड नाव पडले. रण सोडून गेलेला! कोणत्याही शूर कुळात ही शिवी ठरावी. गुजराथेने ती देवाचे नाव म्हणून उचलली. डाकोरला आजही तो रणछोडराय म्हणून पूजला जातो. त्या डाकोरच्या मूर्तीची जी कथा तेथे सांगतात ती माझ्या विषयाला इतकी लागू आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही. बोडाणा नावाचा भक्त हातात तुळस वाढवून पायी द्वारकेस जात असे. वृद्धपणी चालवेना तेव्हा देवच त्याच्याबरोबर डाकोरास निघून आला. द्वारकेचे पुजारी पाठलाग करीत आले, मूर्ती आमची म्हणाले, आणि शेवटी मूर्तीच्या भारंभार सोने घेऊन हक्क सोडण्यास राजी झाले. बोडाण्याच्या घरी सोने म्हणजे पत्नीच्या नाकातला सव्वा वालाचा एक दागिना. तो पारड्यात घातला, आणि देव तेवढ्या वजनाचा झाला. एका गावचा देव दुसऱ्या गावास गेला, त्याची भरपाई मोजली गेली, आणि या सगळ्यातून जे उरले ते द्वेष नव्हे. द्वारकेतही देव आहे, डाकोरातही आहे.

आमच्या पंढरीची कथा तरी निराळी काय आहे? रुसून दिंडीरवनात येऊन राहिलेल्या रुक्मिणीच्या शोधात तो द्वारकेहून निघाला आणि पुंडलिकाच्या दारात विटेवर उभा राहिला, असे परंपरा सांगते. महाराष्ट्राचे अवघे दैवत हे गुजराथ सोडून आलेले दैवत आहे. पुढे त्याच परंपरेनुसार विजयनगरच्या कृष्णदेवरायाने ही मूर्ती आपल्या राजधानीस नेली. पंढरीत हाहाकार झाला असेल. रिकाम्या विटेपुढे उभे राहून वारकऱ्यांना काय वाटले असेल याची कल्पना करवत नाही. तेव्हा एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी काय केले? ते देवाला कृतघ्न म्हणत बसले नाहीत. उठले, तुंगभद्रेपर्यंत चालत गेले, परक्या राजाच्या देवळात, परक्या अलंकारांनी नटलेल्या आपल्या विठ्ठलापुढे उभे राहिले, चोरीचा आळ आला तोही सोसला, आणि त्याला घेऊन आले. कार्तिकीला पंढरपुरात देवाचा रथ निघतो त्याच्याशी लोक ही कथा जोडतात.

खेळाडू म्हणजे देव नव्हे, हे मला कोणी सांगावयास नको. पण आपण त्याला देवासारखे डोक्यावर घेतो तेव्हा भक्ताची भाषा वापरतो, आणि तो निघाला की एकदम सावकाराची. हे मला बोचते.

मला ते बोचते याचे एक कारण माझ्या स्वतःच्या आयुष्यात आहे. तालुक्याच्या ज्या शाळेत मी शिकलो तेथे संस्कृत शिकवणारे एक गुरुजी होते. मी त्यांच्या घरी जाऊन बसे, त्यांची पुस्तके वाची, आणि ते माझे आहेत असे मनोमन धरून चाललो होतो. मी दहावीत असताना त्यांनी शहरातल्या दुसऱ्या एका शाळेत जागा पत्करली. घरात आजारी आई, बहिणींची लग्ने, वाढीव पगार, ही सगळी कारणे गावाला ठाऊक होती आणि मलाही ठाऊक होती. परंतु निरोप समारंभाला मी गेलो नाही. मुले त्यांना एस. टी. स्थानकापर्यंत पोहोचवण्यास गेली, मी मळ्यात जाऊन बसलो. पुढे त्यांचे एक पोस्टकार्ड आले. भट्टिकाव्य कुठवर आले, असे त्यात विचारले होते. मी उत्तर लिहिले नाही. त्यांनी मला सोडले असे मी मानले होते, आणि माझे मौन ही मला त्यांची योग्य शिक्षा वाटत होती. चाळीस वर्षांनंतर वानखेडेवरची ती हुर्यो ऐकताना मला तो मळा आठवला. तेथे आवाज नव्हता, एवढाच फरक.

त्या हंगामात मुंबई चौदांपैकी चार सामने जिंकून दहा संघांत शेवटची आली. ११ एप्रिलला बंगळूरचा संघ वानखेडेवर आला असताना, प्रतिपक्षातल्या विराट कोहलीने क्षेत्ररक्षण करता करता सज्जांकडे हात करून हुर्यो थांबवण्याची खूण केली, हे दृश्य मी विसरणार नाही. आणि मग २९ जूनला, बार्बाडोसमधील ब्रिजटाऊन येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला सोळा धावा हव्या असता चेंडू पांड्याच्या हाती आला. त्याआधी क्लासेनला त्यानेच बाद केले होते. पहिल्याच चेंडूवर मिलरचा फटका सीमारेषेवर सूर्यकुमारने झेलला, आणि भारत सात धावांनी जिंकला. पांड्या मैदानावरच रडला. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवरून विजयाची मिरवणूक वानखेडेपर्यंत आली, आणि तीन महिन्यांपूर्वी ज्या सज्जांतून हुर्यो उठली होती त्याच सज्जांतून त्याच्या नावाचा गजर झाला.

पुष्कळांनी याला क्षमा म्हटले. मला तसे म्हणवत नाही. अमेरिकेत लेब्रॉन जेम्स २०१० मध्ये क्लीव्हलँड सोडून मायामीस गेला तेव्हा त्याच्या नावाचे सदरे रस्त्यात जाळले गेले. २०१४ मध्ये तो परतला आणि २०१६ मध्ये त्याने त्या नगराला अजिंक्यपद मिळवून दिले तेव्हा लाखो लोक रस्त्यावर आले. तेथेही लोक क्षमा म्हणाले. परंतु चषक हातात घेऊन आलेल्याला जवळ करणे म्हणजे थकबाकी भरली म्हणून जप्ती उठवणे. क्षमेची जात निराळी. नेताजी पालकर, ज्यांना लोक प्रतिशिवाजी म्हणत, ते महाराजांपासून दुरावून आदिलशाहीकडे आणि तेथून मिर्झाराजांच्या वशिल्याने मोगलांकडे गेले. औरंगजेबाने त्यांना मुसलमान करून काबूलच्या मोहिमेवर धाडले. आणि दहा वर्षांनी, १६७६ मध्ये, ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात जिंकलेला किल्ला नव्हता, खजिना नव्हता, धर्म आणि नाव दोन्ही बदललेली होती. शिवाजीमहाराजांनी त्यांना विधिपूर्वक परत आपल्या धर्मात आणि आपल्या माणसांत घेतले. काय आणलेस, असे विचारल्याची नोंद नाही.

४ जुलैच्या त्या रात्री वानखेडेवर ध्वनिक्षेपक रोहितच्या हाती आला. ज्याच्या नावाने ती सगळी हुर्यो उडवली गेली होती, ज्याचे पद काढून दुसऱ्याला दिले गेले होते, तो उभा राहिला आणि शेवटचे षटक टाकणाऱ्या त्या दुसऱ्याचेच नाव घेऊन म्हणाला की अशा वेळी ते षटक टाकणे किती कठीण असते. आणि खाली बसलेल्या पांड्याकडे सगळ्या मैदानाची तोंडे वळली.